पावसाळ्यात पेंड घ्यायची तर इथून घ्या (संगमनेरकडची एक छोटी मिल)

रेटिंग: 5 पैकी 4

पुढं दुकान, मागं भरडा मशीन, मिक्सर आणि गोळी पेंडीचा प्लांट, असं हे साधं प्रकरण आहे. नाव टाकत नाही कारण मालकच नको म्हणाले, आजूबाजूचे मिलवाले आधीच तोंड वाकडं करून बसलेत म्हणे. ज्यांच्याकडे एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आहेत आणि आंबोण (पेंड-भरड्याचं खाद्य) सगळं विकतचं आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांना बोअर होईल.

तर यांचं वेगळेपण काय, की हे सगळ्याच मालाची तपासणी करत बसत नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल पण मला तेच आवडलं. गव्हाचा भुसा आला की डोळ्यांनी बघतात, हात घालून बघतात, वास घेतात, उतरवून घेतात. पण मका, सरकी पेंड आणि भुईमूग पेंड यांची गाडी आली, त्यातही पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता, की हमालांना थांबवतात. आधी ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर. मक्याचा ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की पुढचं बोलणंच नाही, गाडी परत. ओलावा ठीक असला तर मग अफलाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची, पट्टी.

ही पट्टी मी शेजारी उभं राहून बघितली. पोकळ टोकदार नळी वेगवेगळ्या पोत्यांत खुपसून, वरच्या थरातलं, मधलं, खालचं असं थोडं थोडं काढतात, कारण बुरशी काही गाडीभर सारखी पसरलेली नसते, एका कोपऱ्यातली दोन पोती भिजलेली असली तरी बाकी माल सोन्यासारखा दिसतो, आणि एक मूठ काढून टेस्ट केली तर काहीच सापडत नाही. मग सगळं एकत्र करून बारीक दळायचं, अल्कोहोलच्या द्रावणात हलवायचं, गाळायचं, पट्टी बुडवायची. दहा-एक मिनिटात रेघा उमटतात आणि इथं उलटा हिशोब असतो, दोन रेघा आल्या तर माल चांगला, टेस्टची रेघ गायब झाली तर विष आहे. मी आपला दुसरी रेघ दिसली तसा म्हटलं, "शेठ, गेली का गाडी?" तर हसले, "नाही दादा, ही पास झाली."

आता एवढा उपद्व्याप कशाला, तर बुरशीचं हे विष, त्यातलं अफलाटॉक्सिन बी1, गाईच्या पोटात गेलं की त्यातला थोडा भाग एम1 (त्याचंच बदललेलं रूप) होऊन दुधात उतरतो. साधारण 1-2 टक्के, जास्त दुधाच्या गाईत 6 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हिशोब करून बघा, 100 पीपीबी (किलोमागे 100 मायक्रोग्रॅम) विष असलेलं आंबोण दिवसाला 8 किलो, म्हणजे 800 मायक्रोग्रॅम पोटात, त्यातले 2 टक्के म्हणजे 16 दुधात आणि गाय 20 लिटरची असली तर लिटरला 0.8. आपल्याकडे दुधाची मर्यादा 0.5 आहे. आणि हे विष दूध तापवून जात नाही, पाश्चराइज करून पण जात नाही. संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), डिग्री सगळं छान लागेल आणि विष तसंच पुढं जाईल.

एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) 2018 साली देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले होते. आपण सगळे घाबरतो युरिया-डिटर्जंटच्या भेसळीला, तर तशी भेसळ निघाली 12 नमुन्यांत, आणि एम1 मर्यादेच्या वर निघालं 368 मध्ये. बारा आणि तीनशे अडुसष्ट!! तरी छापा पडतो तो भेसळीवरच, कारण टीव्हीवर दाखवायला ते बरं दिसतं. दुधातलं हे विष येतं गोठ्यातल्या आंबोणातून, मग तपासायचं कुठं? पेंडीच्या गाडीपाशी. मिलवाल्याला कळतं ते कागदावर यायला एवढा वेळ का लागावा कळत नाही. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्यात अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य बाहेरच ठेवलंय, मग 2020 च्या सुरुवातीला आदेश निघाला की विकायच्या पशुखाद्याला आयएस 2052 हे पशुखाद्याचं स्टँडर्ड पाळा आणि बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) मार्क लावा, आणि नंतर मुदतीवर मुदत वाढत गेली. त्या स्टँडर्डात बी1 ची मर्यादा 20 पीपीबी आहे. युरोपात दुभत्या जनावराच्या खाद्याला 5 आहे, ते जरा बाजूलाच ठेवू, आपल्याकडे 20 नीट पाळलं तरी पुष्कळ झालं.

पोत्यावरच्या प्रोटीनच्या आकड्यावर पण फार जाऊ नका. लॅबमध्ये नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने गुणतात, त्यामुळे पेंडीत युरिया मिसळला तरी प्रोटीन वाढलेलं दिसतं. इथं सरकी पेंडीला युरियाची टेस्ट वेगळी करतात, पण ती फक्त नवीन व्यापाऱ्याच्या मालाला. जुना, वर्षानुवर्षं साफ निघालेला व्यापारी असेल तर अधूनमधून. एकदा का कोणाची गाडी नापास झाली की मग पुढं बरेच दिवस त्याची प्रत्येक गाडी तपासतात. लाल वही आहे त्यासाठी वेगळी. सरकारी इन्स्पेक्टरनं पण हेच केलं तर निम्म्या माणसात दुप्पट काम होईल, सगळ्यांना वर्षातून एकदा सारखाच चहा पिऊन यायची गरज नाही.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे मिनरल मिक्शर बाहेरून आणून विकतात आणि त्याबद्दल विचारलं की "कंपनीचं आहे" एवढंच उत्तर. दुसरं, टॉक्सिन बाइंडर (पोटात विष धरून ठेवावं म्हणून खाद्यात घालायची पूड) प्रत्येकाच्या गळ्यात मारायला बघतात. अरे तुम्ही माल तपासून घेताय ना, मग मला बाइंडर कशाला? हे विचारल्यावर जरा गप्प झाले.

आणि तिसरं, जे खरं तर यांच्या हातात नाही. परत पाठवलेली गाडी जाते कुठं? मी विचारलं तर म्हणाले, "दादा, व्यापारी काय फेकून देणारे का, पुढच्या मिलला जाते." म्हणजे तीच मका दुसऱ्याच्या पोत्यात, चांगल्या मालात मिसळून, कदाचित पन्नास रुपयांनी स्वस्त म्हणून आपल्याच गावात येणार. यांनी कोणाला कळवायचं, कुठं नोंद करायची, याची काही व्यवस्थाच नाही. मिलवाल्यानं कितीही इमानदारी केली तरी इथं सरकारच लागतं.

भाव इतरांपेक्षा पोत्यामागे साठ-सत्तर रुपये जास्त, उधारी अजिबात नाही, सोमवारी बंद. गोळी पेंड घेणार असाल तर सकाळी जा, दुपारी मशीन साफ करतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही. पोतं उचलताना शिलाईपाशी लॉट नंबरची चिठ्ठी असते, तिचा फोटो काढून ठेवा, प्रत्येक लॉटचं सॅम्पल ते तीन महिने डब्यात ठेवतात आणि मागितलं तर तुमच्यासमोर पुन्हा तपासून देतात.