मातीची कुंडी: वसंतातल्या फुलांसाठी कोणती घ्यावी, कोणती दुकानातच सोडावी

फाल्गुन-चैत्रात गॅलरी किंवा अंगण कॉटेज पद्धतीनं, म्हणजे दाटीवाटीनं फुललेलं आणि जुन्या घराच्या ओसरीचा भास देणारं सजवायचं असेल, तर चाकावर घडवलेली बारा इंची मातीची कुंडी ही आजही सगळ्यात चांगली खरेदी आहे. आठ इंचाखालच्या कुंड्या फक्त शोभेच्या. आठ इंचीत जेमतेम साडेतीन लिटर माती मावते, आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात ती सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. बारा इंचीत अकरा-बारा लिटर मावते आणि दिवसाला एक पाणी पुरतं.

या कुंडीचा गुण आणि दोष एकच आहे: तिची भिंत सच्छिद्र असते. आतलं पाणी भिंतीतून झिरपून बाहेर उडून जातं आणि माठातल्या पाण्यासारखी मुळंही गार राहतात. पश्चिमेच्या उन्हात ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी इतकी तापते की भिंतीला लागलेली पांढरी मुळं करपतात. सिमेंटची तापते ती तापतेच, शिवाय नव्या सिमेंटचा चुना मातीत उतरतो. मोगरा-गुलाबाची पानं त्यानं पिवळी पडतात.

घेताना रंग पाहून भुलू नका. कुंडी एका हातावर तोलून बोटाच्या पेरानं ठोका. खणखणीत वाजली तर भाजणी पक्की. बद्द आवाज आला तर ती कच्ची तरी आहे, नाहीतर कुठंतरी तडकलेली. आतून बोट फिरवल्यावर हाताला भुकटी लागत असेल तर ती पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे टाकेल. भिंतीत पांढरे ठिपके दिसले तर तीही नको. ते चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे ओल लागली की तो फुगतो आणि वरचा मातीचा टवका उडवतो. तळाचं भोक किमान दोन सेंटिमीटरचं हवं. बऱ्याच कुंड्यांत ते करंगळीएवढं असतं किंवा मातीच्या पापुद्र्यानं अर्धं बुजलेलं असतं. मोठं करायचं असेल तर कुंडी आधी भिजवा आणि दगड-विटा भोकायचं (मेसनरी) ड्रिल बिट हळू फिरवा. हॅमर मोड, म्हणजे ठोके देत फिरणं, लावलात तर तळच फुटेल.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: वर रुंद, खाली निमुळती, काठ जाड. पोट फुगीर आणि गळा आत वळलेली कुंडी दिसायला फार देखणी, पण वर्षा-दोन वर्षांनी झाड बदलायची वेळ आली की मुळांचा गोळा गळ्यातून निघत नाही. मग झाड तोडा किंवा कुंडी फोडा.

यंत्रावर दाबून केलेल्या कुंड्याही बाजारात भरपूर आहेत. त्या एकसारख्या, नेमक्या काठाच्या, जास्त कडक भाजलेल्या आणि म्हणून कमी झिरपणाऱ्या असतात. कमानीखाली सरळ रांग लावायची असेल किंवा रोज पाणी घालणं जमणार नसेल तर त्या घ्याव्यात. गटागटानं मांडायच्या बागेला मात्र चाकावरच्या कुंड्यांचा थोडा वाकडेपणाच शोभतो. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आणि पुण्यात कसबा पेठेजवळचा कुंभारवाडा इथं हातानं ठोकून, निवडून घेता येतात. ऑनलाइन मागवल्या तर ठोकून बघता येत नाही, हाच मोठा तोटा.

नवी कुंडी आणली की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की ती भिजली. कोरड्या कुंडीत रोप लावलं तर भिंतच मातीतली ओल शोषून घेते आणि रोप पहिल्याच दुपारी माना टाकतं. भोकावर एक खापरीचा तुकडा, बाकदार बाजू वर करून. खड्यांचा जाड थर देऊ नका. त्यानं निचरा सुधारत नाही, ओली माती वर सरकते आणि मुळांची जागा कमी होते.

बारा इंचीसाठी मिश्रण: पाच लिटर लाल किंवा पोयट्याची माती, साडेतीन लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक लिटर जाड वाळू आणि मूठभर, साधारण पन्नास ग्रॅम, निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती या कुंडीत कधीच नको. सुकली की ती आकसते, कडेला फट पडते, आणि घातलेलं पाणी मुळांना न भिडता त्या फटीतून थेट खाली जातं. वरून दोन बोटं जागा पाण्यासाठी मोकळी सोडा.

झाडांची निवड महिन्यावर ठरते. मार्चमध्ये नर्सरीत बहरलेले पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस खुणावतात. पण ती थंडीची रोपं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायची. ऊन वाढलं की संपतात. त्या पैशात सदाफुली, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), झिनिया आणि मागे चढवायला गोकर्ण घ्या. मोगरा असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटून, जुनी पानं काढून, नवं खत द्या. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यालाच येते. छाटणी चुकली तर कुंडी कितीही चांगली असो, नुसती पानंच मिळतात.

रंगवायचं असेल तर गेरूच. शंभर ग्रॅम गेरू, पाव लिटर पाणी, एक मोठा चमचा फेव्हिकॉल. दोन हात, मध्ये पूर्ण वाळवून. काठाखाली पांढऱ्या रंगाची बारीक वेलबुट्टी पुरे. ऑइल पेंट टाळा: आतली ओल बाहेर पडू शकत नाही, रंगाखाली फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. बाहेरून येणारे पांढरे चट्टे बुरशीचे नसतात, बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार असतात. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी आणि काथ्यानं घासून ते निघतात.

मांडणीत तीन उंच्या ठेवा. मागच्या कुंड्या दोन-दोन विटांवर, पुढच्या जमिनीलगत. विटांमुळे तळाचं भोकही मोकळं राहतं. गॅलरीत वजनाचा हिशेब आधी करा. रिकामी बारा इंची पाच-सहा किलोची, भरून भिजल्यावर वीसच्या आसपास. अशा दहा कुंड्या म्हणजे दोनशे किलो. त्या घराच्या भिंतीकडच्या बाजूला विभागून ठेवा, पुढे आलेल्या सज्ज्याच्या टोकाला नको आणि कठड्यावर तर एकही नको.

मातीची बशी सोबत मिळते, ती शक्यतो घेऊ नका. तीही झिरपते आणि फरशीवर गोल डाग धरतो. प्लास्टिकची बशी घ्या आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासून काढा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत.