चप्पल लाईन की मोबाईल?

कोल्हापूरच्या चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातले जुने दुकानदार ऑनलाइन विक्रीकडे अजूनही साशंकतेने पाहतात आणि त्यांची शंका मला बरीचशी पटते. दुकानात गिऱ्हाईक कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) पायात घालून चार पावले चालते, अंगठा घट्ट बसतो का ते पाहते, तळ वाकवून चामडे पारखते, आणि नवी चप्पल चावू नये म्हणून तेल लावण्याचा सल्लाही घेऊन जाते. मोबाईलवर फोटो आणि मापाचा नंबर यांवरच भरवसा ठेवावा लागतो. मी ऑनलाइन मागवलेल्या जोडाचा तळ रेक्झिनचा निघाला होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळूनही अशी फसवणूक होते, याचे वाईट वाटते. मात्र परगावच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यात दुकान कमी पडते, हे दुकानदारांनीही मान्य करायला हवे.