पानं गडद करणारं एक्स्टेन्शन: सात महिने वापरल्यानंतर

रात्री उशिरापर्यंत पडद्यावर वाचत बसणं हेच माझं काम. पांढरी पानं डोळ्यांत खुपायला लागली म्हणून सात महिन्यांपूर्वी ब्राउझरमध्ये पानं गडद करणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मला जो त्रास झाला तो उघडलेल्या प्रत्येक पानात शिरून काम करणाऱ्या कुठल्याही एक्स्टेन्शनमुळे होऊ शकतो. तो शोधायची रीतही तीच.

आधी चांगलं सांगते. डोळ्यांना खरोखर आराम पडला. पार्श्वभूमी नुसती काळीकुट्ट न करता ते पानातला एकेक रंग मोजून त्याच्या जोडीचा गडद रंग लावतं. फोटो उलटेपालटे होत नाहीत, तक्त्यांच्या रेघा दिसतात, दुवे अक्षरांपासून वेगळे ओळखू येतात. पहिले दोन महिने ते चालू आहे हे मी विसरूनही गेले होते.

तिसऱ्या महिन्यात लॅपटॉपचा पंखा थांबेनासा झाला. बॅटरी चार तास पुरायची ती अडीच तासांवर आली. कुठला प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतोय हे दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ उघडलं तर ब्राउझरची एक प्रक्रिया १२-१३ टक्क्यांवर ठाण मांडून बसलेली. एवढंसं ते काय, असं वाटलं आणि मी दुसरीकडे शोधत राहिले. तिथेच चुकले. माझ्या प्रोसेसरला आठ लॉजिकल कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे आठ भाग, आहेत आणि त्या खिडकीतले टक्के आठही मिळून असतात. १०० ला ८ ने भागलं की साडेबारा येतात, म्हणजे एक कोअर क्षणभरही न थांबता राबत होता. चार कोअर असते तर हाच आकडा २५ दिसला असता. तुमच्या आकड्याला असा भाग जात असेल आणि तो हलत नसेल, तर कुठलं तरी एकच काम गोल गोल फिरतंय असं समजायला हरकत नाही.

ब्राउझरचा स्वतःचाही टास्क मॅनेजर असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की उघडतो. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करून जास्त खाणारा वर आणला. वर होतं मी दिवसभर उघडं ठेवते ते कामांच्या यादीचं पान. एक्स्टेन्शनच्या ओळीपुढे शून्य. थोड्या वेळाने ती ओळच यादीतून गेली. म्हणजे दोष पानाचा, असं मी धरून चालले आणि ते पान चालवणाऱ्यांना तक्रारही पाठवली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दोष त्यांचा नव्हता.

गोम अशी की एक्स्टेन्शनचे दोन भाग असतात. एक मागे चालतो. मॅनिफेस्ट व्ही३ या क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठीच्या नियमावलीनुसार तो ३० सेकंद काही काम नसलं की झोपी जातो, म्हणून त्याची ओळ गायब होते. दुसरा भाग, ज्याला कंटेंट स्क्रिप्ट म्हणतात, तो थेट पानाच्या आत, पानाच्याच प्रक्रियेत चालतो. त्याने खाल्लेला प्रोसेसर पानाच्या खात्यावर मांडला जातो. टास्क मॅनेजर खोटं बोलत नाही, पण घरात आलेल्या पाहुण्याचा खर्च तो घरमालकाच्या नावावर लिहितो. एक्स्टेन्शनची ओळ शून्य दाखवते म्हणून त्याला सोडून देऊ नका, एवढं एकच या अनुभवातून उचललंत तरी पुरे.

दुसरा चकवा याहून वाईट. मी एक्स्टेन्शन बंद करून पाहिलं, पंखा तसाच चालू. झालं, ते पुन्हा सुटलं. नंतर कळलं की एक्स्टेन्शन बंद केलं तरी आधीच उघडलेल्या पानात शिरलेली स्क्रिप्ट तिथेच राहू शकते. पान रिलोड केल्याशिवाय ती जात नाही. बंद करा, पान रिलोड करा, मगच मोजा.

इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत करून पाहा, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, कारण आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. पण तिथे आपलं लॉगिनही नसतं. मी उघडलं ते लॉगिन न केलेलं रिकामं पान होतं, ते शांत असणारच. त्यावरून काहीच सिद्ध झालं नाही. आत लॉगिन करून तेच पान, तेवढ्याच मजकुरासह उघडलं तेव्हा पंखा खाली बसला आणि पहिल्यांदा मला खात्री वाटली.

आता अकरा एक्स्टेन्शनांपैकी कुठलं? निम्मी बंद, रिलोड, मोजणी, मग उरलेल्यांतली निम्मी. अकरा असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना मदतीच्या मेन्यूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे, तो सगळी एका झटक्यात बंद करतो.

नाव कळलं, पण ते नेमकं काय करतंय हेही मला पाहायचं होतं. एफ१२ दाबून ‘परफॉर्मन्स’मध्ये गेले, रेकॉर्ड चालू केलं आणि दहा सेकंद माउसला हातही लावला नाही. पान समोरच ठेवायचं बरं का, मागे टाकलं की ब्राउझर त्याचे टायमर आवळतो आणि चोर गप्प बसतो. कोणी काही न करता पान शांत असायला हवं. तिथे मात्र दर सेकंदाला पिवळ्या आणि जांभळ्या पट्ट्यांचा एकेक गठ्ठा, त्यांच्यात जेमतेम फट. पिवळा म्हणजे स्क्रिप्ट चालतेय, जांभळा म्हणजे पानाची शैली आणि मांडणी पुन्हा मोजली जातेय. खालच्या यादीत सर्वात जड फंक्शनवर, म्हणजे कोडच्या तुकड्यावर, क्लिक केलं तर फाइलचा पत्ता ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ने सुरू होणारा, पुढे ३२ अक्षरांची ओळ. ही अक्षरं इंग्रजी ए ते पी एवढ्यांतलीच असतात. एक्स्टेन्शनांच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू केला की प्रत्येकाखाली त्याची अशी ओळ दिसते. पहिली सहा अक्षरं जुळली तेव्हा तीन आठवड्यांचं कोडं सुटलं.

कामांच्या त्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ‘उरलेला वेळ’ असा रकाना आहे आणि तो सेकंदासेकंदाने उतरत असतो. अशा दोनशेच्या आसपास ओळी. पानात काहीही बदललं की एक्स्टेन्शनला निरोप मिळतो, ब्राउझरची म्युटेशन ऑब्झर्व्हर नावाची सोय त्यासाठीच आहे. ०४:१७ चं ०४:१६ झालं की ते त्या खान्याचा रंग पुन्हा तपासतं. रंग बदललेला नसतो, बदललेला असतो फक्त आकडा. तरी दर सेकंदाला दोनशे खाने तपासायचे, आणि त्या पायी ब्राउझरने सगळ्या तक्त्याची शैली पुन्हा मोजायची. लांबलचक लेखाच्या पानावर हीच पद्धत एकदा राबून गप्प बसते, म्हणून पहिले दोन महिने मला काही जाणवलं नव्हतं.

बनवणाऱ्यांना मी हे सगळं सविस्तर कळवलं. रेकॉर्ड केलेली फाइल मात्र पाठवली नाही, तिच्यात उघड्या पानांचे पत्ते असतात. उत्तर सौजन्याने आलं. पुढच्या आवृत्तीत बदल गोळा करून एकदमच तपासायला सुरुवात झाली. भार निम्म्यावर आला, पण त्या यादीवर तो अजूनही मला मान्य होण्याइतका कमी नाही.

आज माझी मांडणी अशी आहे. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की त्याला कुठल्या साइट वाचू द्यायच्या हे ठरवता येतं: सगळ्या, फक्त हीच, किंवा क्लिक केल्यावरच. ही सोय क्रोममध्ये २०१८ पासून आहे आणि मी ती कधी उघडलीच नव्हती. आता मी लांब वाचनाच्या चार साइट नेमून दिल्यात, बाकी सगळीकडे क्लिक केल्यावरच. ज्या साइटना स्वतःचा गडद रंग आहे तिथे तोच वापरते, त्यात कुठलीही मोजणी वाढत नाही. एक्स्टेन्शनमध्ये अख्खं पान एका फिल्टरखाली उलटं करणारा हलका पर्यायही आहे, पण त्यात माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसतात. मी तो अर्ध्या तासात सोडला.

एक्स्टेन्शन मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. रात्री वाचताना त्याच्याइतका जपून रंग लावणारं दुसरं मला सापडलेलं नाही. पाचपैकी साडेतीन तारे. सतत हलणारे खाने ओळखून ते आपणहून सोडून द्यायला शिकलं, तर उरलेल्यांतला एक मी आनंदाने देईन. बॅटरी पुन्हा चार तासांच्या जवळ आली आहे. कामांची ती यादी पांढरीच असते, तेवढ्यापुरता मी पडद्याचा प्रकाश कमी करते.