२५ लिटर कोंबुचा कशात लावायचा? बोहरी आळीतला पांढरा ड्रम

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबटसर पेय. तो मोठ्या प्रमाणात लावायला भांडं कुठलं, याचा निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. रुंद तोंडाचा, नवा कोरा, पांढरा, ३५ लिटरचा एचडीपीई (जाड, टणक पॉलिथिलीन प्लास्टिक) ड्रम घ्या. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत मला तो झाकण आणि कड्यासकट साडेसहाशेला पडला. काचेची नळवाली बरणी, स्टीलचं पिंप, पाण्याचा जार असं सगळं हाताळून झालंय. मोठ्या घाण्याला या किमतीत त्याच्या जवळपास येणारं काही दिसलं नाही.

एवढा कोंबुचा लागतो कशाला? तर तळजाईच्या टेकडीवरून उतरणारा आमचा कंपू सकाळी आमच्याकडेच थांबतो, आणि एप्रिल-मे महिन्यात चहा कोणालाच नको असतो. विकत मी देत नाही. विकायचा तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी आली, लेबलं आली, आणि माझी निवृत्ती गेली.

भांड्याचा विषय निघाला की आमचे जावई हमखास बोलतात. ते जर्मनीत असतात आणि घरी बिअर करतात. तिकडे २०२४ पासून हौशी माणसाला वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमाफी आहे, आधी ती २०० लिटर होती. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. पण त्यांनी हौसेनं सुचवलेलं बिअरचं भांडं, घट्ट झाकण आणि वर एअरलॉक (वायू फक्त बाहेर सोडणारी झडप) असलेलं, कोंबुचाला उलट अडचणीचं. बिअरमध्ये यीस्टचा वायू बाहेर जायला हवा आणि हवा आत यायला नको. आत आली की चव बिघडते. कोंबुचात यीस्टनं केलेल्या अल्कोहोलचं आम्ल करणारे जीवाणू असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून बिअरवाला तोंड अरुंद बघतो, आपण रुंद बघायचं. कोंबुचासाठी भांडं घेताना लिटर नंतर विचारा, आधी तोंडात आपला हात कोपरापर्यंत जातो का ते बघा. हवाही मिळते आणि घासताही येतं.

या एका कसोटीवर २० लिटरचा पाण्याचा जार बाद. तळाशी बसलेला यीस्टचा चिखल बाटलीच्या ब्रशनं निघत नाही. शिवाय त्यातले बरेच जार पॉलीकार्बोनेटचे, खाली त्रिकोणात ७ आकडा असलेले. त्यात बीपीए हे नकोसं रसायन असतं आणि धुण्याच्या सोड्यासारख्या तीव्र क्षारानं धुतलं की ते प्लास्टिक खराब होतं.

चिनी मातीची बरणी दिसायला सुरेख. पण तिच्या झिलईत शिसं आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कोंबुचाचा पीएच शेवटी ३ च्या आसपास जातो. इतकं आंबट पाणी आठ-दहा दिवस त्यात ठेवायची माझी तयारी नाही. तांब्या-पितळेचं तर नावच नको. तांबट आळीतली भांडी कितीही मोहात पाडोत, ती आंबटासाठी नाहीत.

काच मात्र मला मनापासून आवडते. रंग दिसतो, वास धरत नाही, वर चढणारी स्कोबीची (यीस्ट आणि जीवाणूंच्या थराची) साय बघत बसता येतं. पाच-दहा लिटरला काचच घ्या. त्याच्या पुढे वजनाचा प्रश्न येतो. २० लिटर पाणी म्हणजेच २० किलो, वर जाड काचेचं ओझं, आणि ओट्यावरून ती बरणी सरकवताना घरातले सगळे श्वास रोखून उभे. नळवाल्या बरणीत नळ हीच दुखरी जागा. माझ्या बरणीचा रबरी वायसर पहिल्याच घाण्यात पाझरायला लागला, तो काढून सिलिकॉनचा घातला. नळ चकचकीत दिसला तरी आत पितळ आणि वर क्रोमचा मुलामा असू शकतो. दुकानात सरळ विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर नळ नसलेली बरणी उचला.

स्टीलचं प्रकरण जरा सविस्तर सांगते. ३० लिटरचं, नळ बसवलेलं पिंप मला पाच हजारांच्या पुढे सांगितलं. दुकानदारानं लगेच खिशातून लोहचुंबक काढलं, पिंपाला लावलं, ते खाली पडलं. "बघा काकू, चिकटत नाही, म्हणजे ३०४." मी आयुष्यभर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे हसू आवरलं नाही. चुंबक ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चिकटत नाही हे खरं, पण २०२ या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. डाळ-तांदूळ ठेवायला ते उत्तम, पण आंबटापुढे ३०४ इतकं टिकत नाही. भंगारवाले औषधाचा थेंब टाकून, बॅटरी लावून रंग बघतात. ती परीक्षा खरी. दुकानदाराला मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "मग तुम्हीच सांगा कुठलं आहे ते." बिलावर ग्रेड लिहून द्या म्हटल्यावर विषय संपला. खरं ३०४ मिळालं आणि पैसे असतील तर स्टील जन्मभर टिकेल, यात वाद नाही. मला ते परवडत नाही आणि गरजही वाटत नाही.

आता ड्रम. पहिली गोष्ट, निळे ड्रम नकोत. निळ्या रंगात वाईट काही नाही, पण जुन्या बाजारात आणि भवानी पेठेकडे स्वस्तात मिळतात ते बहुतेक वापरलेले असतात. आत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "धुऊन घेतलाय" याला अर्थ नाही, कारण एचडीपीई सॉल्व्हंट आणि वास आत शोषून घेतं आणि नंतर सावकाश सोडतं. लोणच्याचा ड्रमही नको, कोंबुचाला मेथी-हिंगाचा वास येईल.

दुसरी गोष्ट, तळाच्या त्रिकोणातला २ आकडा बघून खूश होऊ नका. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, खाण्यासाठी योग्य आहे असं म्हणत नाही. पेला आणि काट्याचं चिन्ह शोधा, किंवा आयएस १०१४६ विचारा; अन्नाला आणि पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पॉलिथिलीनचं ते भारतीय मानक आहे. बोहरी आळीतल्या ज्या दुकानातून मी घेतला तिथला मुलगा ड्रम विकतो पण हा आकडा त्यानं ऐकला नव्हता. त्यानं वैताग न करता आतून कारखान्याचा कागद आणून दाखवला. यासाठी त्या दुकानाला पैकीच्या पैकी. बिल मात्र तीनदा मागितल्यावर मिळालं. गाडी लावायला जागा नाही, दुपारी जा आणि रिक्षानं परत या.

वापराबद्दल थोडं. ३५ लिटरमध्ये २५ च लावा. साय वर यायला आणि ड्रम हलवायला जागा राहते. २०० ग्रॅम चहा आणि पावणेदोन किलो साखर सात-आठ लिटर पाण्यात उकळायची, गाळून निवू द्यायची, आणि बाकीचं पाणी गार, गाळलेलं. म्हणजे प्लास्टिकला उकळतं काही लागतच नाही. मागच्या घाण्यातलं अडीच लिटर विरजण लगेच घालायचं, आंबटपणामुळे बुरशीला थारा मिळत नाही. ड्रमचं झाकण बाजूला ठेवा, तोंडावर मांजरपाटाचं फडकं इलॅस्टिकनं बांधा. मलमल विरळ असते, चिलटं आत जातात. घासायला मऊ फडकंच, तारेची घासणी नको. ओरखड्यात जंतू घर करतात आणि मग कितीही धुवा. ओरखडे वाढले की ड्रम गच्चीत झाडांकडे पाठवायचा, साडेसहाशेत तेवढं परवडतं.

उचलायचं कसं? गॅस सिलिंडरखाली ठेवतात ती चाकांची गोल ट्रॉली घ्या. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोचा असतो, त्यामुळे ती हे ओझं आरामात पेलते आणि ड्रमचा तळ तिच्यात नीट बसतो. नळ मी बसवलेलाच नाही. भोक पाडलं की गळायची एक जागा वाढली. स्टुलावर ड्रम, खाली बाटल्या आणि मध्ये खाद्यवापराची सिलिकॉनची नळी. नळीचं टोक तळापासून चार बोटं वर धरलं की चिखल खालीच राहतो.

आणखी मोठा, ५० लिटरचा ड्रम शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडतो आणि हात तिकडे वळतोच. त्याऐवजी ३५ चे दोन घ्या आणि आठवड्याच्या अंतरानं लावा. एकाला बुरशी लागली तर सगळं ओतून द्यावं लागत नाही, आणि एकातला तयार होईस्तोवर दुसऱ्यातला संपत आलेला असतो.

फसफस हवी असेल तर ती ड्रमात कड्याचं झाकण लावून आणायची नाही. हा ड्रम दाबासाठी केलेला नसतो. त्यासाठी सोडा-कोल्ड्रिंकच्या पेट प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन ठेवा. आल्याचा रस घालून भरल्या की बाहेर दीड-दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. बाटली दाबून बघायची, दगडासारखी लागली की फ्रीजमध्ये.