लंडन ते ॲमस्टरडॅम, पाऊण तासाचं उड्डाण: सिमब्रीफ काही महिने वापरल्यानंतर

फ्लाइट सिम्युलेटरवर लांब पल्ल्याची उड्डाणं करणाऱ्यांना सिमब्रीफबद्दल, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधनाचा हिशेब काढून देणाऱ्या ऑनलाइन टूलबद्दल, वेगळं सांगायला नको. मुंबई-लंडन करायचं तर इंधनाचा हिशेब तोंडी करून भागत नाही. पण हे टूल खरं उपयोगी पडतं ते छोट्या उड्डाणाला, असं माझं आता ठाम मत आहे. ते बनलं हीथ्रो ते स्किपोल या एका मार्गावर पुन्हा पुन्हा उडून. सरळ अंतर जेमतेम २०० नॉटिकल मैल, म्हणजे ३७० किलोमीटर.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आहे आणि त्यात फ्लायबायवायर या गटाने बनवलेलं ए३२०निओ विमान, जे फुकट मिळतं. सिमब्रीफही फुकट. ईजीएलएल, ईएचएएम (हीथ्रो आणि स्किपोलचे कोड) आणि विमानाचा प्रकार भरला की काही सेकंदांत अनेक पानांचा फ्लाइट प्लॅन हातात येतो. त्यात मार्ग, प्रत्येक वेपॉइंटवरचा (मार्गातल्या ठरलेल्या बिंदूवरचा) वारा, दोन्हीकडचं हवामान, वजनं, इंधन सगळं असतं. कॉकपिटमध्ये बसून एमसीडीयूवरून, म्हणजे विमानाच्या संगणकाच्या कीपॅडवरून, मागणी केली की तोच मार्ग विमानात उतरतो. बरेच जण इथेच थांबतात आणि कागद न वाचताच इंजिन सुरू करतात. मला विचाराल तर अर्धी गंमत त्या कागदात आहे.

इंधनाचा रकाना घ्या. प्रत्यक्ष मार्गासाठी लागतं साधारण दोन टन. त्यावर युरोपीय नियमाप्रमाणे आकस्मिक साठा: मार्गातल्या इंधनाचे ५ टक्के किंवा १५०० फुटांवर ५ मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं, यांतलं जे जास्त असेल ते. लांबच्या उड्डाणात ५ टक्केच जास्त भरतात. इथे दोन टनांचे ५ टक्के म्हणजे १०० किलो, त्यामुळे ५ मिनिटांचा हिशेब वरचढ ठरतो. मग ऑल्टरनेटला, म्हणजे ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर गाठायच्या पर्यायी विमानतळाला, जाण्याचं इंधन, आणि शेवटचा ३० मिनिटांचा राखीव साठा, ज्याला हात लावायचा नसतो. ही सगळी बेरीज मार्गातल्या इंधनाच्या घरात जाते. जवळचं उड्डाण आहे म्हणून टाकी रिकामी ठेवून चालत नाही, हे त्या आकड्यांवरून जितकं लख्ख कळतं तितकं कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही.

बरं, मग जास्तीचं भरून घ्यावं तर तेही जमत नाही. ए३२०निओचं कमाल टेकऑफ वजन ७९ टन, पण कमाल लँडिंग वजन ६७.४ टन. लांब जाताना इंधन जळून वजन आपोआप उतरतं. पाऊण तासात जळून जळून किती जळणार? विमान प्रवाशांनी भरलेलं असलं की टेकऑफची मर्यादा दूरच राहते, लँडिंगची मर्यादा आधी आडवी येते. सिमब्रीफ हे वजनांच्या ओळींत दाखवतं. तिथे नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑल्टरनेट निवडताना स्वतःचं डोकं जरूर वापरा. रॉटरडॅम जवळ आहे, इंधन वाचतं. पण तिथे २२०० मीटरची एकच धावपट्टी, आणि उत्तर समुद्रावरून वादळ आलं की ते स्किपोलइतकंच रॉटरडॅमलाही झोडपतं. अशा दिवशी मी सरळ ब्रसेल्स टाकतो. थोडं इंधन जास्त जातं, जाऊ दे.

मार्ग बहुतेक वेळा ठरलेला: ब्रुकमन्स पार्क, एसेक्सच्या किनाऱ्यावरचं क्लॅक्टन, मग समुद्र आणि रेडफा, सुगोल हे वेपॉइंट. उंचीची घाई इथे उपयोगाची नाही. २३ हजार फुटांवरून उतरायचं तर हजार फुटांना तीन मैल या हिशेबाने ६९ मैल आधी सुरुवात हवी, म्हणजे मार्गाचा तिसरा हिस्सा उतरण्यातच गेला. चढणं संपतं न संपतं तोच उतरण्याची तयारी. त्यातच ट्रान्झिशन अल्टिट्यूड, म्हणजे अल्टिमीटरचं (उंचीमापकाचं) दाबाचं सेटिंग बदलण्याची उंची, हीथ्रोला ६००० फूट, स्किपोलला ३०००. म्हणून लँडिंगची माहिती मी लंडनच्या गेटवरच भरून घेतो.

भारतातून खऱ्या वेळेनुसार उडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वारा पश्चिमेचा असला की हीथ्रोवर दुपारी ३ वाजता उतरण्याची आणि निघण्याची धावपट्टी आपसात बदलते, खालच्या वस्तीला आवाजापासून अर्धा दिवस आराम मिळावा म्हणून. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. जेवणाआधी प्लॅन काढून जेवणानंतर उडणार असाल तर धावपट्टी पुन्हा बघून घ्या.

टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेण्याचा, वेळही प्लॅनमध्ये हाताने वाढवा. स्किपोलची पोल्डरबान, म्हणजे २००३ साली सुरू झालेली १८आर-३६एल ही धावपट्टी, टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर पंधरा मिनिटं चालतच राहावं लागतं, वाटेत मोटरवेवरचा पूलही लागतो. आणि चाकं टेकल्यावर अल्टिमीटरकडे बघाच. काटा शून्याच्या खाली असतो, कारण हा विमानतळ १८५२ मध्ये उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर आहे, समुद्रसपाटीच्या ११ फूट खाली. कितीही वेळा पाहिलं तरी मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

पैशांचं म्हणाल तर फुकटच्या खात्यात मार्गांची माहिती जुनी असते. खरी माहिती दर २८ दिवसांनी बदलते आणि ताजी हवी तर नॅव्हिग्राफ या कंपनीची वर्गणी भरावी लागते. सिममधली आणि प्लॅनमधली माहिती वेगवेगळ्या काळातली असली की एखादा वेपॉइंट सापडत नाही आणि मार्ग मध्येच तुटतो. एकट्याने उडत असाल तर तो हाताने जोडता येतो, वर्गणीची गरज नाही. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर जिवंत कंट्रोलरांशी बोलत उडायचं ठरवलंत, की मग मात्र भरा. समोरचा माणूस आपला वेळ फुकट देत असतो, त्याला जुना मार्ग देऊ नये.