भिशीचे 11,000 रुपये: सरकारी निधीत, संस्थेला की गल्लीतल्या फाळ्यात?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वहिनींच्या भिशीत पूरग्रस्तांसाठी 11,000 रुपये जमले आणि आठ दिवस कपाटातच पडून राहिले. जमायला एक संध्याकाळ पुरली. मग कुणीतरी विचारलं, "पोचतात का हो हे पैसे?" आणि गाडी अडली. वहिनींनी मला विचारलं, म्हणून तिन्ही वाटा मांडते.

गल्लीतला फाळो, म्हणजे आपसात गोळा करून वाटलेली मदत, सर्वात जवळचा. 26 जानेवारी 2001 ला कच्छचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये रात्रभर कपडे निवडत होतो. एका पोत्यातून जरीचा फाटका परकर निघाला, खाली डाव्या पायाचे दोन बूट. तिकडे लोक थंडीत उघड्यावर झोपत होते आणि हवी होती ती ब्लँकेटं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा अकोट्यात बहिणीच्या घरी याची दुसरी बाजू पाहिली. मोठ्या रस्त्यावर एका दिवसात तीनदा थेपल्यांची पाकिटं आली, आतल्या गल्लीत एकदाही नाही. पाणी ओसरल्यावर तिला गाद्या हव्या होत्या आणि वायरिंग तपासणारा माणूस. तोवर वाटप थांबलं होतं. ओळखीचं घर असेल तर थेट त्याच्या हातात द्या, पण परगावी कपडे पाठवू नका.

सरकारी निधी सर्वात सोपा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी 1948 चा, फाळणीत विस्थापित झालेल्यांसाठी सुरू झालेला. पीएम केअर्स मार्च 2020 चा. राज्याराज्यांचे मुख्यमंत्री निधी आहेतच. जुन्या करप्रणालीत तिथे दिलेली पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते. पावती लगेच मिळते, खोट्या संस्थेची धास्ती नाही. पण तुमचे पैसे कुठल्या घराला लागले, हे कधीच कळत नाही. पीएम केअर्समध्ये पहिल्या पाच दिवसांत 3,076 कोटी आले. हिशेब सनदी लेखापाल तपासतो, पण हा निधी माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी सरकारची भूमिका आहे. लोकांच्या पैशाला लोकांनी प्रश्न विचारता यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

संस्थेला द्यायचं तर मेहनत आहे. करसवलत बहुतेक ठिकाणी निम्म्या रकमेवर, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत. 2,000 च्या वर रोख दिलीत तर तीही नाही. नोंदणी, करसवलतीचा (80जी) क्रमांक आणि मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल मागा. देताना कुणी कुरकुर केली तर तिथेच थांबा. "पगारावर किती जातात?" हा प्रश्न मात्र आपण उगाच लावून धरतो. पडलेली घरं बांधायला इंजिनिअर लागतो, आणि त्यालाही घर चालवायचं असतं.

खरी मेख वेगळीच आहे. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तिथल्या रेड क्रॉसने लिबर्टी फंड उघडला आणि त्यात 50 कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. तिचा मोठा भाग पुढच्या संकटांसाठी राखायचा बेत बाहेर आला आणि लोक खवळले. अध्यक्षा बर्नडीन हीली यांना पद सोडावं लागलं, आणि सगळा निधी याच हल्ल्यातल्या पीडितांसाठी वापरू, असं संस्थेने नोव्हेंबरात जाहीर केलं. चोरी कोणीच केली नव्हती. देणाऱ्यांच्या मनात समोरची विधवा होती, संस्थेच्या मनात पुढचं संकट, आणि ते आधी कोणी बोललंच नव्हतं. माझंही असंच झालं. करोनात ऑक्सिजन यंत्रासाठी म्हणून एका संस्थेला पैसे दिले. दोनदा पत्र लिहून विचारलं, तर उत्तरादाखल पुढच्या उपक्रमाचं पोस्टर आलं. पुन्हा तिथे एक रुपया दिला नाही.

माझं मत विचाराल तर, चौकशीला वेळ नसेल तर त्या राज्याच्या मुख्यमंत्री निधीत घाला आणि निश्चिंत व्हा. वेळ असेल तर संकटाच्या आधीपासून त्याच जिल्ह्यात काम करणारी संस्था शोधा, आणि थोडे पैसे तीन महिन्यांनी द्या. कॅमेरे परतलेले असतात, छपरं अजून उघडीच असतात.

वहिनींनी 5,000 मुख्यमंत्री निधीत भरले. उरलेल्या 6,000 साठी एका संस्थेला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पैसे उरले तर त्याचं काय करता?" पलीकडची मुलगी क्षणभर थांबली, "ताई, ठराव आहे, पाठवते" म्हणाली. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला: उरलेली रक्कम त्याच तालुक्यातल्या शाळांच्या दुरुस्तीसाठी. वहिनींनी तो भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि चेकबुक काढलं.