हिमगौरी शोधताना: ॲप, यूट्यूब आणि बर्डीची डीव्हीडी, कशात किती दम

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच पोट्टे घराबाहेर सोडायची सोय नसते. पारा 45 च्या घरात, कूलर सुरू, आणि घरात एकच धोशा: काहीतरी लावून द्या. अशा वेळी हाताने काढलेल्या जुन्या परीकथांचे सिनेमे फार कामाचे. बहुतेक सव्वा ते दीड तासात संपतात, गोष्ट सरळ असते आणि आजीलाही सोबत बसवता येतं. अडचण सापडण्याची नाही. सापडतात भरपूर, पण त्यातले निम्मे भलतेच निघतात.

नुसतं 'स्नो व्हाइट' टाकलं तर 1937 चा, 83 मिनिटांचा, हाताने रंगवलेला सिनेमाही येतो आणि 2025 चा नटनट्यांचा सिनेमाही येतो. सिंड्रेला 1950 ची हवी असते, लागते 2015 ची. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चं तेच, 1991 आणि 2017. पिनोकिओचा गोंधळ तर विचारूच नका: 1940 चा मूळ, आणि 2022 या एकाच वर्षात त्याच नावाचे आणखी दोन मोठे सिनेमे. म्हणून नावापुढे साल टाकायचं, आणि प्ले दाबण्याआधी लांबी बघायची. सिंड्रेला 1950 आणि 'स्लीपिंग ब्यूटी' 1959 साधारण सव्वा तासाच्या. त्याच नावाखाली 45-50 मिनिटांचं काही दिसलं तर ते मोठ्या सिनेमाच्या लाटेवर काढलेलं स्वस्त कार्टून समजा. चित्र बरंच ढोबळ असतं आणि गाणी विसरण्यासारखी.

पैसे भरून बघायचं तर डिस्नेचा जुना साठा भारतात जिओहॉटस्टारवर आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक झाले, साठा तसाच राहिला. चित्राचा दर्जा उत्तम. सिंड्रेला आणि हिमगौरी या दोघींची नवी 4के प्रत 2023 मध्ये तयार झाली. सिंड्रेलाच्या आधीच्या डिजिटल प्रतीत सफाईच्या नादात फिल्मचा दाणा (चित्रावरचे बारीक कण) आणि पेन्सिलीच्या बारीक रेषाही पुसल्या गेल्या होत्या, त्या नव्या प्रतीत परत आल्या. प्लॅन घेताना मात्र दोन गोष्टी बघा. फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन टीव्हीसाठी निरुपयोगी, आणि जाहिरातींचा प्लॅन असेल तर राणी सफरचंद पुढे करते न करते तोच साबणाची जाहिरात येऊ शकते. लहान मुलांसोबत जाहिरातींशिवायचाच घ्यावा. हिंदी आवाज प्रत्येक सिनेमाला असेल असं धरून चालू नका. सिनेमाच्या पानावर भाषांची यादी असते, ती आधी वाचा. मराठीचं काम घरच्यांनीच करायचं: आदल्या रात्री 'हिमगौरी आणि सात बुटके' सांगून टाका. गोष्ट माहीत असली की पाच वर्षांचं पोर इंग्रजी आवाजातही अडत नाही, कारण या सिनेमांतले मोठे प्रसंग बोलण्यापेक्षा चित्रावर आणि संगीतावर चालतात.

घरी वायफाय नसेल तर हिशोब करा. एचडीत तासाला साधारण 3 जीबी जातो. रोजचा 2 जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत आटोपतो, म्हणजे बुटके खाणीतून घरी येऊन जरा स्थिरावतात तोवर चाक फिरायला लागतं. जिथे वायफाय असेल तिथे साध्या दर्जात डाउनलोड करून ठेवणं बरं. जुन्या चौकोनी सिनेमांना मोबाइलच्या पडद्यावर साधा दर्जा पुरतो.

आता टीव्ही. सगळ्यात जास्त वाटोळं इथे होतं आणि दोष जुन्या सिनेमाला दिला जातो. 1937 चं चित्र जवळपास चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या 1.37 पट. 43 इंची टीव्हीवर ते बरोबर दिसत असेल तर डावी-उजवीकडे साधारण 11-11 सेंटिमीटर काळी पट्टी राहणारच. ती पट्टी बघून कोणीतरी रिमोट उचलतं आणि 'झूम' किंवा 'फिल' दाबतं. झूम केलं की उंचीतला जवळजवळ पाव भाग कापला जातो: बुटक्यांच्या टोप्या वरून आणि पाय खालून गायब. ताणलं तर हिमगौरीचा चेहरा पुरीसारखा. सेटिंगमध्ये पिक्चर साइज 'ओरिजिनल', 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं जे असेल ते ठेवा. 'स्लीपिंग ब्यूटी'त उलटं आहे. ती 70 मिमीच्या रुंद पडद्यासाठी काढलेली, त्यामुळे पट्ट्या वर-खाली येतात, प्रत्येकी 8 सेंटिमीटरच्या आसपास. तिला तर हातच लावू नका. आयविंड अर्लने रंगवलेली ती झाडं, जुन्या भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची आहेत.

दुसरं बटण जास्त लबाड. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालू असते. एलजीत तिचं नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. जुन्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि बऱ्याच ठिकाणी एक चित्र दोन फ्रेम दाखवलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात 12 चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवायला जातो आणि हलत्या हाताभोवती पाण्यासारखी लहर उमटते. ती सोय बंद करा.

आणि कूलर. खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या घुर्र आवाजात 1937 चे संवाद बुडतात. टीव्हीचा आवाज वाढवला तर गाणी अंगावर येतात आणि बोलणं तरी ऐकू येत नाहीच. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असा पर्याय असेल तो लावा, पंखा एक पॉइंट कमी करा, पोट्ट्यांना कूलरपासून दूर आणि टीव्हीच्या जवळच्या अंगाला बसवा. वेगळा स्पीकर जोडायचा तर वायरने. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. कूलरचा दमट झोत थेट टीव्हीवर येईल अशी मांडणी मात्र टाळा.

फुकटात बघायचं तर यूट्यूब, पण डोळे उघडे ठेवून. चोरून टाकलेल्या प्रती पकडल्या जाऊ नयेत म्हणून चित्र आरशासारखं उलटवलेलं असतं, चौकटीत लहान केलेलं असतं, किंवा वेग वाढवून आवाज चिरका केलेला असतो. सुरुवातीची नावं बघा. अक्षरं उलटी असतील तर लगेच बाहेर. 1939 चा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (76 मिनिटं) अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा आहे, म्हणून कोणीही टाकतो आणि विटक्या प्रतींचा पूर असतो. दोन-तीन उघडून रंग ताजे असलेली निवडा.

यूट्यूबवरचा खरा ऐवज रशियन आहे. सोयूझमुल्तफिल्म या 1936 मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओचं स्वतःचं चॅनेल आहे. मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं ज्यांच्या घरात होती, त्यांना हे चेहरे ओळखीचे वाटतील. इथून एकच घ्यायचा तर 1957 ची 'स्नो क्वीन', दिग्दर्शक लेव अतामानोव, 64 मिनिटं. हिमराणीची हालचाल बाकी पात्रांपेक्षा वेगळी, थंड आणि तरंगती आहे, कारण तिच्यासाठी खऱ्या अभिनेत्रीच्या हालचालींवरून चित्रं काढली. सुरुवातीलाच खरीखुरी माणसं ख्रिसमस साजरा करताना दिसली तर ती अमेरिकेत जोड लावलेली इंग्रजी आवृत्ती आहे. तेवढं पुढे ढकला. सबटायटल्समध्ये 'ऑटो ट्रान्सलेट' करून मराठी निवडता येतं, पण ते मराठी वाचून हसायलाच जास्त येतं. इंग्रजी लावा आणि मोठ्यांनी मोठ्याने सांगत जा.

चार वर्षांच्या मुलासाठी मात्र आमचं मत लोटे रायनिगर या जर्मन ॲनिमेशन दिग्दर्शिकेच्या बाजूने. काळ्या कागदाच्या कात्रणांचे, तारेच्या सांध्यांवर हलणारे हे छायापट. 1926 चा 'प्रिन्स अहमद' तासाभराहून थोडा मोठा, मूक, आणि तयार व्हायला तीन वर्षं लागलेली. त्याने सुरुवात नको. 1950 च्या दशकात तिने सिंड्रेला, हॅन्सेल आणि ग्रेटेल अशा दहा-दहा मिनिटांच्या गोष्टी केल्या, त्या आधी. सिंड्रेलाच्या पायाचा बाक, बोटांची टोकं, सगळं कात्रीने कापलेलं. आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या छायाबाहुल्या बघितलेल्यांना ही भाषा लगेच कळते. बघून झालं की काळा कार्डशीट, कात्री आणि बारीक तार द्या. खांदा आणि कोपर असे दोनच सांधे सांगा, दुपार निघते.

बर्डीच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या, फूटपाथवर अजून कुठे 'एका डिस्कमध्ये पाच सिनेमे' दिसले तर सोडून द्या. साध्या डिस्कमध्ये 4.7 जीबी मावतं, पाचांत वाटलं की एकाला एक जीबीही येत नाही, आणि अंधारातले प्रसंग चौकड्यांनी भरतात. परदेशातून मूळ डीव्हीडी मागवायची तर मागच्या बाजूचा रीजन आकडा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो आकडा, बघा: भारत 5, अमेरिका 1. आपल्या प्लेअरवर अमेरिकन डिस्क बहुधा चालणार नाही. ब्लू-रेला आपला रीजन सी.

भीतीचं आधी सांगून ठेवा. हिमगौरी जंगलात पळते तेव्हा झाडांना डोळे फुटतात, राणीची म्हातारी होते. पिनोकिओत पोरांची गाढवं होतात. 'स्लीपिंग ब्यूटी'च्या शेवटी ड्रॅगन. या तिन्ही ठिकाणी खोलीत उजेड हवा आणि रिमोट मोठ्यांच्या हातात. पाच वर्षांखालच्यांना पिनोकिओ अजून दोन उन्हाळे थांबवला तरी चालेल.